हायब्रिड मोटार : हिशेब कोणाचा, नफा कोणाचा?

२२ सप्टेंबर २०२५ रोजी वस्तू व सेवा कराचे नवे दर अमलात आले आणि मोटारींच्या जाहिरातींना ऊत आला. लहान पेट्रोल मोटारींवरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर उतरला आणि त्यावरचा अधिभारही गेला. मोठ्या हायब्रिड मोटारींवर २८ टक्के कर व १५ टक्के अधिभार मिळून ४३ टक्के भार पडत असे, तो ४० टक्के झाला. केवळ बॅटरीवर चालणाऱ्या मोटारींवरील ५ टक्क्यांचा दर होता तसाच ठेवण्यात आला. या फेरबदलानंतर मुंबई-पुण्यातच नव्हे, तर इंदूर, बडोदे, हैदराबाद, बंगळूर अशा शहरांतील बँका, विमा कचेऱ्या, महाविद्यालये आणि कारखान्यांच्या कायम कामगारांतही एक प्रश्न चर्चिला जात आहे : रोज कामावर जाण्यासाठी असलेली पेट्रोल मोटार विकून हायब्रिड घ्यावी काय? हा प्रश्न क्षुल्लक मानण्याचे कारण नाही. पंधरा लाखांचे कर्ज म्हणजे नोकरदाराच्या पुढील पाच-सात वर्षांच्या पगाराचा मोठा हिस्सा गहाण टाकणे होय. आणि गहाण पडलेला पगार संपाच्या दिवशी माणसाला किती दुबळा करतो, हे कामगार चळवळीतील कार्यकर्त्यांना वेगळे सांगावयास नको.

प्रथम वस्तूची ओळख करून घेतली पाहिजे, कारण विक्रेत्यांनी या शब्दाभोवती बराच धूर केला आहे. हायब्रिड मोटारीत पेट्रोलचे इंजिन असते आणि त्याच्या जोडीला विजेची मोटर व लहान बॅटरी असते. गाडीला ब्रेक लावला की एरवी उष्णतेच्या रूपाने वाया जाणाऱ्या ऊर्जेचा काही भाग ही यंत्रणा विजेच्या रूपाने साठवते आणि गाडी पुन्हा हलताना वापरते. गर्दीच्या रस्त्यावर, जेथे गाडी दर शंभर पावलांवर थांबते, तेथे त्यामुळे पेट्रोल खरोखर वाचते. मोकळ्या महामार्गावर हा लाभ बराच घटतो. हे तंत्र नवे नाही. जपानमध्ये टोयोटा कंपनीची ‘प्रिअस’ ही मोटार डिसेंबर १९९७ मध्येच बाजारात आली. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावयास हवी. नेहमीच्या हायब्रिड मोटारीला बाहेरून वीज भरता येत नाही. मारुतीच्या ‘ग्रँड विटारा’ हायब्रिडची बॅटरी जेमतेम पाऊण युनिट वीज साठवते. म्हणजे या मोटारीत खेळणारी वीज शेवटी पेट्रोलपासूनच तयार झालेली असते. ती कमी पेट्रोल पिणारी पेट्रोल मोटार आहे, विजेची मोटार नव्हे. ‘माइल्ड हायब्रिड’ या नावाने खपविल्या जाणाऱ्या गाड्यांत तर विजेची मोटर इंजिनाला थोडा हातभार लावण्यापलीकडे काही करीत नाही. तरीसुद्धा केंद्र सरकारच्या २०१५ च्या ‘फेम’ योजनेत अशा डिझेल गाड्यांना पर्यावरणाच्या नावावर सरकारी तिजोरीतून अनुदान मिळत राहिले. ते एप्रिल २०१७ मध्ये बंद झाले.

आता हिशेब. घर ते कचेरी व परत असा ४० किलोमीटरचा प्रवास, वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे १२,००० किलोमीटर धरू. कंपनीच्या पत्रकातील आकडे येथे उपयोगाचे नाहीत. ‘ग्रँड विटारा’ हायब्रिडचा प्रमाणित आकडा लिटरला जवळजवळ २८ किलोमीटर आहे. परंतु तो ठरावीक चाचणीतला आहे, सायंकाळच्या गर्दीतला नव्हे. (प्रयोगशाळेतील आकडे किती लवचिक असू शकतात, हे फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांच्या प्रकरणाने २०१५ मध्ये जगाला दाखविलेच आहे.) शहरात साध्या पेट्रोल मोटारीला लिटरमागे १४ आणि हायब्रिडला २२ किलोमीटर मिळतात, असे हायब्रिडला झुकते माप देऊन मानले, तर वर्षाला सुमारे ३१२ लिटर पेट्रोल वाचेल. लिटरला १०४ रुपये धरल्यास ही बचत ३२,००० रुपयांच्या थोडी वर जाते. नवी मोटार घ्यावयाचीच आहे आणि साध्या मोटारीपेक्षा हायब्रिड अडीच लाखांनी महाग आहे, असे धरले, तर हे अधिकचे पैसे वसूल होण्यास पावणेआठ वर्षे लागतील. त्या अडीच लाखांवर ९ टक्के दराने पहिल्या वर्षीचे व्याजच साडेबावीस हजार होते. ते वजा केल्यावर हातात उरतात दहा हजार. ज्याचे कामाचे ठिकाण आठ किलोमीटरवर आहे, त्याची वर्षाची बचत तेरा हजारांपलीकडे जात नाही. म्हणजे व्याजसुद्धा निघत नाही.

पण बहुतेकांसमोरचा प्रश्न यापेक्षा निराळा असतो. दारात चालती मोटार आहे, ती मोडून हायब्रिड घ्यावी काय, असा तो आहे. जुन्या मोटारीचे चार लाख आले आणि नवी एकोणीस लाखांना पडली, तर पंधरा लाख रुपये खर्चून वर्षाला बत्तीस हजारांची बचत पदरात पडते. भागाकार केला की ४६ वर्षे येतात. तोपर्यंत मोटार तर राहणार नाहीच, नोकरीही राहणार नाही. ‘पेट्रोल वाचते’ हे वाक्य खरे आहे. ‘पैसे वाचतात’ हे मात्र अशा खरेदीत सपशेल खोटे ठरते. हायब्रिडचा फायदा जास्त अंतर कापणाऱ्यास होतो. दिवसाला १५० किलोमीटर टॅक्सी चालविणाऱ्याची पेट्रोलची बचत याच गणिताने वर्षाला एक लाख एकवीस हजारांवर जाते, दोन-अडीच वर्षांत वाढीव किंमत भरून निघते. परंतु टॅक्सीवाल्याला एवढी महाग गाडी परवडत नाही. तो गॅसवरची स्वस्त मोटार चालवतो. ज्याला यंत्र उपयोगी आहे त्याच्या हाती ते नाही आणि ज्याच्या हाती आहे त्याची मोटार दिवसाचे नऊ तास कचेरीच्या आवारात उभी असते. बाजाराच्या व्यवस्थेत तंत्रज्ञानाचे असेच होते.

मग या मोटारींवरून एवढा गाजावाजा का? कारण उघड आहे. देशातील मोटार-भांडवलदारांत गेली काही वर्षे दोन तट पडले आहेत. टोयोटा, मारुती-सुझुकी, होंडा यांचे भांडवल हायब्रिडमध्ये गुंतले आहे, तर टाटा, महिंद्र व कोरियन कंपन्यांना सरकारी सवलती केवळ बॅटरीच्या मोटारींसाठी राखून हव्या आहेत. जुलै २०२४ मध्ये उत्तर प्रदेश सरकारने हायब्रिड मोटारींचा नोंदणी कर माफ केला तेव्हा हे भांडण चव्हाट्यावर आले. एक तट म्हणतो की हायब्रिड अखेर पेट्रोलच जाळते. दुसरा म्हणतो की या देशातील वीज मुख्यतः कोळशावर होते, तेव्हा बॅटरीची मोटारही चंद्रपूर-कोराडीचा धूरच दुसरीकडे सोडते. दोघेही एकमेकांविषयी जे सांगतात त्यात तथ्य आहे. दोघेही स्वतःविषयी जे सांगत नाहीत तेच महत्त्वाचे आहे. दोन्ही प्रकारच्या मोटरींना लागणारी दुर्मीळ खनिजांची चुंबके बव्हंशी चीनमधून येतात आणि एप्रिल २०२५ मध्ये चीनने निर्यातीवर निर्बंध घालताच दोन्ही तट सारखेच हवालदिल झाले. स्वावलंबनाची भाषा करणाऱ्यांनी याचा खुलासा करावयास हवा होता.

कामगारांच्या बाबतीत तर हे दोन तट ओळखूही येत नाहीत. टोयोटाच्या ‘हायक्रॉस’ व ‘हायरायडर’ या हायब्रिड मोटारी आणि मारुतीच्या नावाने विकली जाणारी ‘ग्रँड विटारा’ ज्या कारखान्यात तयार होऊ लागल्या, तो कर्नाटकातील बिडदीचा कारखाना. नोव्हेंबर २०२० मध्ये तेथे संघटनेच्या पदाधिकाऱ्याच्या निलंबनावरून कामगारांनी ठिय्या दिला. कामाचा वाढता बोजा ही त्यांची मूळ तक्रार होती. व्यवस्थापनाने टाळेबंदी पुकारली, राज्य सरकारने मनाई हुकूम काढला आणि कामगारांचा लढा २०२१ सालातही चालू राहिला. लिटरला किती किलोमीटर हे सांगणाऱ्या पत्रकात माणसामागे किती मोटारी हा आकडा छापलेला नसतो.

सरकारच्या करधोरणातून तर वर्गदृष्टी लख्ख दिसते. सप्टेंबर २०२५ पर्यंत कोट्यवधी रुपयांच्या विजेवरील आलिशान मोटारीवर ५ टक्के कर होता आणि राज्य परिवहनाच्या साध्या डिझेल बसवर २८ टक्के. सायकलवरही १२ टक्के होता! नव्या दरांत बसचा कर १८ टक्क्यांवर व सायकलचा ५ टक्क्यांवर आला, हे ठीक झाले. पण आजही चाळीस माणसे वाहून नेणारी डिझेल बस आणि एकाच साहेबाला नेणारी लहान मोटार यांना एकच दर लागू आहे. २०११ च्या जनगणनेत मोटार असलेली कुटुंबे ४.७ टक्के होती, सायकल असलेली ४४.८ टक्के. मोटारींची संख्या त्यानंतर वाढली आहे. तरी देशातील बहुसंख्य श्रमिक कामावर जातात ते पायी, सायकलने, दुचाकीवर, बसने किंवा लोकलच्या दाराला लोंबकळत. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ गर्दीने भरलेल्या लोकलमधून पडून जे मेले, त्यांच्यापुढे हायब्रिड की पेट्रोल हा प्रश्न नव्हता.

इंधनाच्या बचतीचाच विचार करावयाचा तर तोही पूर्ण केला पाहिजे. शहरातील डिझेल बस लिटरला साडेतीन किलोमीटर चालते असे धरले आणि तीत चाळीस प्रवासी असले, तर एका लिटरमध्ये १४० प्रवासी-किलोमीटर होतात. सरासरी दीड माणूस बसलेली हायब्रिड मोटार आपल्या साऱ्या करामतींनिशी ३३ वर थांबते. शिवाय ती रस्त्याची जी जागा अडवते, ती साध्या मोटारीएवढीच. रस्ता तुंबल्यावर हायब्रिड कमी पेट्रोल जाळत उभी राहते, एवढाच फरक.

आणि नेमकी हीच बस आज मोडीत काढली जात आहे. मुंबईची बेस्ट १९४७ च्या ऑगस्टमध्ये महापालिकेच्या मालकीची झाली. एके काळी चार हजारांवर बस बाळगणाऱ्या या उपक्रमाच्या स्वतःच्या गाड्या आता काही शेकड्यांवर आल्या आहेत. बाकीच्या कंत्राटदारांच्या आहेत. त्या कंत्राटी चालकांनी ऑगस्ट २०२३ मध्ये पगारवाढीसाठी काम बंद ठेवले, तेव्हा लाखो प्रवासी रस्त्यावर ताटकळले. मे २०२५ मध्ये बेस्टचे किमान भाडे पाचाचे दहा रुपये झाले. त्याच शहरात सुमारे चौदा हजार कोटी रुपये खर्चून सागरी किनारा रस्ता बांधला गेला आणि त्यावर दुचाकीला मज्जाव आहे. इतरत्रही तेच. दिल्लीतील बसचा राखीव मार्ग २०१६ मध्ये उखडला गेला, भोपाळमधील २०२४ मध्ये उखडण्यास आरंभ झाला आणि इंदूरचा मार्ग काढून टाकण्यास उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये वाट मोकळी केली. मोटारींना अडथळा होतो, हीच प्रत्येक ठिकाणची तक्रार. त्या मोटारी हायब्रिड असत्या तर तक्रार कमी झाली असती असे कोणी म्हणणार नाही.

याचा अर्थ असा मात्र नव्हे की मोटार घेणाऱ्या कर्मचाऱ्याला कमिटीच्या बैठकीत आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करावे. रात्री अकराला पाळी संपणाऱ्या परिचारिकेला, ज्या औद्योगिक वसाहतीत बस फिरकतच नाही तेथील कामगाराला, अपंग आईला घेऊन जाणाऱ्या शिक्षकाला मोटार ही चैन नसते. त्यांनी ती घ्यावी. जुनी चालत असेल तर चालू द्यावी, आणि नवी घेणे भागच असेल तर पत्रकाच्या आकड्यांऐवजी आपल्या रोजच्या अंतराचा आकडा मांडून मगच हायब्रिडचे जादा पैसे मोजावेत. काही साथी मोटारीच्या निवडीलाच पर्यावरणाचा लढा समजू लागले आहेत, तर दुसऱ्या टोकाचे काही जण पर्यावरणाचा प्रश्न म्हणजे मध्यमवर्गाचे चोचले अशी त्याची वासलात लावतात. दिल्लीची हिवाळ्यातली हवा सर्वांत आधी पोटात घेतो तो रस्त्यावर काम करणारा मजूर. तेव्हा ही दुसरी समजूत पहिलीइतकीच चुकीची आहे.

संघटनांच्या मागणीपत्रकांकडे या दृष्टीने पाहण्याची गरज आहे. वाहनकर्जाची मर्यादा वाढवावी, त्याचे व्याज कमी करावे, ही मागणी त्यांत वर्षानुवर्षे असते, आणि ती असण्यात गैर काही नाही. पण पाळीच्या वेळेला बस हवी, औद्योगिक वसाहतीपर्यंत शेवटची फेरी रात्री बारापर्यंत हवी, चालक-वाहक कायम हवेत, ही मागणी बहुधा परिवहन कामगारांवर सोडून दिली जाते. तेलंगणातील राज्य परिवहनाचे कामगार २०१९ मध्ये बावन्न दिवस संपावर होते, महाराष्ट्रातील एसटी कर्मचारी २०२१-२२ च्या हिवाळ्यात महिनोन् महिने झगडले. त्या वेळी बँक व विमा कर्मचाऱ्यांनी पाठिंब्याचे ठराव केले खरे, पण प्रवासी म्हणून ते रस्त्यावर उतरले नाहीत. कर्नाटकात जून २०२३ पासून स्त्रियांना सरकारी बसचा प्रवास मोफत झाल्यावर बसगाड्या ओसंडून वाहू लागल्या. बस मिळाली तर लोक बसने जातात, हे तेथे दिसले. केंद्राच्या नव्या योजनांतून हजारो विजेच्या बस येणार आहेत, पण त्या किलोमीटरमागे पैसे घेणाऱ्या खाजगी कंत्राटदारांच्या असणार आहेत. त्या सार्वजनिक मालकीच्या व्हाव्यात यासाठीची पहिली बैठक परिवहन कामगारांच्या युनियन कचेरीत होईलच. बँक, विमा, शिक्षक व कारखान्यांतील संघटनांनी त्या बैठकीला आपले प्रतिनिधी पाठवावेत, आणि जाताना आपल्या सभासदांच्या पाळ्यांच्या वेळा व राहण्याच्या वस्त्या यांची यादी सोबत न्यावी.