पोटगीला साठ दिवस, भेटीला कितीही

कौटुंबिक न्यायालयाच्या कॉरिडॉरमध्ये अनोळखी पुरुष एकमेकांशी फार पटकन बोलू लागतात. पहिला प्रश्न, “किती लागली?” म्हणजे पोटगी. दुसरा, “वकील कोण?” समोरच्याला मुलगा आहे की मुलगी, हे कळायला दोन-तीन तारखा जातात.

मी एका सहकारी बँकेत कर्ज विभागात आहे. माझी पूर्वीची पत्नी परिचारिका. तिच्या रात्रपाळ्या असायच्या, त्यामुळे मुलीच्या दोन वेण्या, डबा आणि “बाबा, उद्या चार्टपेपर न्यायचाय” हे रात्री साडेनऊला उगवणारं संकट माझ्या वाट्याचं. आम्ही वेगळे का झालो ते इथे मांडत नाही. त्यातलं निम्मं तिचं आहे, ते सांगण्याचा मला अधिकार नाही.

अर्ज दाखल झाले. अंतरिम पोटगीचा आदेश लवकर झाला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मुलीची फी, तिचं दूध, रिक्षा हे निकालापर्यंत थांबत नाही. मुलीला भेटण्याच्या माझ्या अर्जावर मात्र आधी समोरचा ‘से’, म्हणजे लेखी उत्तर, यायचा होता, मग वकील आजारी, मग न्यायाधीशांची बदली, मग उन्हाळी सुट्टी.

यात कुणा एकाचा दुष्टपणा नाही, कायद्याची रचनाच तशी आहे. हिंदू विवाह कायदा १९५५चा. दावा चालू असताना पोटगी मागायची ती कलम २४ खाली. मुलांचा ताबा, खर्च आणि शिक्षण कलम २६ मध्ये. २००१च्या दुरुस्तीने दोन्ही कलमांना परंतुक जोडलं, की नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत अर्ज निकाली काढावा. पण कलम २६ मधली ही मुदत मुलांच्या खर्चाच्या आणि शिक्षणाच्या अर्जापुरती. ताबा त्याच कलमात बसलाय, मुदतीत नाही. साठ दिवस पाळतंय कोण, असं वकील हसून म्हणतात. खरंय. तरी मुदत लिहिलेली असली की निदान तिच्याकडे बोट दाखवता येतं.

मुदत हवी, कारण सुरुवातीची तात्पुरती व्यवस्थाच पुढे कायमची होते. निकालाच्या वेळी न्यायालय बघतं, मूल कुठे रुळलंय, शाळा कुठली, मित्र कोण. ते योग्यच आहे. रुळलेलं मूल कोणी उपटू नये. पण मग सगळा फैसला पहिल्या काही महिन्यांतच होऊन गेलेला असतो, आणि तेव्हा बाप ‘से’ची वाट बघत असतो.

पुढे शनिवारची भेट मिळाली, न्यायालयातल्या मुलांच्या खोलीत. रजिस्टरवर सही, भिंतीवर रंग उडालेला छोटा भीम, एकाच बाजूने घसरणारी घसरगुंडी. माझी मुलगी म्हणाली, “इथे होमवर्क केला तर चालेल?” आम्ही सतरंजीवर बसून हातच्याची वजाबाकी करू लागलो. शेजारचे गृहस्थ माझ्यावरच चिडले, “अहो, मिळतो तेवढा एक तास, त्यात काय अभ्यास!” त्यांनी लेकासाठी रिमोटची गाडी आणली होती. तिच्यात सेल नव्हते. पाहुण्यासारखं काहीतरी हातात घेऊन यायचं आणि वेळ संपली की उठायचं, ही सवय ती खोलीच लावते.

कायदे बायकांच्या बाजूचे आहेत, हे कॉरिडॉरमधलं ठरलेलं वाक्य. मला ते अर्धंच पटतं. १९५६च्या अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानुसार मुलाचा नैसर्गिक पालक वडील, आणि ‘त्यांच्यानंतर’ आई. लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावे रोखे घ्यायला अर्ज केला, तेव्हा रिझर्व्ह बँकेने वडिलांची सही मागितली. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९९९ मध्ये आईच्या बाजूने अर्थ लावला गेला. त्याच १९५६च्या कायद्यात पाच वर्षांखालचं मूल सामान्यतः आईकडे असावं असंही आहे. सही बापाची, संगोपन आईचं. ही वाटणी बायकांनी केलेली नाही. समुपदेशक बाईंनी एका वडिलांना विचारलं, “वर्गशिक्षिका कोण आहेत?” त्यांना फी रुपयापर्यंत पाठ होती, बाईंचं नाव येईना. असे बाप पुष्कळ आहेत, आणि न्यायालय त्यांच्यावरून आम्हा सगळ्यांचा अंदाज बांधतं.

विधी आयोगाने २०१५ मध्ये, २५७व्या अहवालात, आई-वडिलांना समान दर्जा आणि संयुक्त ताब्याची शिफारस केली. संसदेने कायदा बदललेला नाही. मला एवढं मोठं काही नको. कलम २६च्या त्या परंतुकात ताबा आणि भेट घाला, १८९०च्या पालक व पाल्य कायद्याखालच्या अर्जांनाही तीच मुदत लावा. हिंसेचा आरोप असेल तर भेट देखरेखीखाली ठेवा, गरज पडली तर नाकारा. पण ठरवा साठ दिवसांत. आणि ‘भेट नाही तर पोटगी नाही’ म्हणणाऱ्या मित्रांनो, थकलेल्या पोटगीत तुमच्याच मुलाची फी असते.

तोवर एक करता येतं. अर्जात “योग्य ते भेटीचे हक्क मिळावेत” असं मोघम लिहू देऊ नका. वार, वेळ, शाळेतून कोण आणणार, मुक्काम कुठे, सगळं लिहा. मी दुसऱ्या अर्जात बुधवारची संध्याकाळ मागितली, कारण बुधवारी तिच्या आईची दुसरी पाळी असते. समोरून हरकतही आली नाही.