पाटी लावून सुटका नाही

विशाखापट्टणममध्ये ‘नीट’ची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूचा तपास सीबीआयकडे सोपवताना सर्वोच्च न्यायालयाने शाळा, महाविद्यालये आणि कोचिंग क्लासेसना 15 निर्देश दिले. गुणांवरून मुलांच्या तुकड्या पाडू नका, चारचौघांत त्यांचा पाणउतारा करू नका, हेही त्यांत आहे. एवढी साधी गोष्ट न्यायालयाला आदेश काढून सांगावी लागते, याची शिक्षणसम्राटांना लाज वाटायला हवी.

महाराष्ट्राला तर अधिकच. 2022 मध्ये देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आयुष्य संपवले. त्यांतले 1,764 महाराष्ट्रातले, म्हणजे या यादीत आपला ‘पहिला नंबर’. कोचिंगसाठी ओळखल्या जाणाऱ्या कोटा शहराच्या नावाने बोटे मोडणाऱ्यांनी लातूर, नांदेड, पुण्यातले चौक पाहावेत. निकाल लागला की टॉपरांचे फ्लेक्स झळकतात. शनिवारी चाचणी, रविवारी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रँकची यादी. तळाचा मुलगा ती आईच्या मोबाइलवर वाचतो. हा पाणउतारा नाही तर काय?

शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक हवा, असेही न्यायालय म्हणते. पण उद्या एखाद्या शिक्षकाकडे ‘अतिरिक्त कार्यभार’ सोपवून दारावर समुपदेशन कक्षाची पाटी लटकली, तर नवल नको. संकटातला मुलगा पाटी वाचून आत जात नाही. त्याच्यापर्यंत जावे लागते.

त्यासाठी लक्ष हवे. हसरी मुलगी मैत्रिणींना टाळू लागते, मुलाची झोप उडते, आवडीचा खेळ सुटतो, जिवापाड जपलेल्या वस्तू तो वाटून टाकतो, ‘मी नसलो तर सगळ्यांचं बरं होईल’ असे बोलून जातो. ही नाटके नव्हेत. अशा वेळी ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही निव्वळ गैरसमजूत आहे. उलट बोलायला वाट मिळते. मग उपदेश न करता ऐकावे, त्याला एकटे सोडू नये आणि डॉक्टर गाठावा. ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनची 14416 ही मोफत सेवा चोवीस तास चालू असते. किती वर्गांत हा क्रमांक लिहिलेला आहे?

सरकारने काहीच केले नाही, असे नाही. दहावीच्या गुणपत्रिकेवरचा ‘नापास’ शेरा गेला, जुलैत फेरपरीक्षा आली. पण शेरा पुसला तरी घरातली आणि क्लासमधली भाषा तीच राहिली. शिक्षकांना धोक्याची चिन्हे ओळखण्याचे प्रशिक्षण वर्षातून दोनदा द्या, असा न्यायालयाचा आदेश आहे. मतदार याद्या आणि सर्वेक्षणांत जुंपलेल्या, साठ मुलांचा वर्ग सांभाळणाऱ्या शिक्षकाने ते कधी घ्यायचे, हे शिक्षण खात्याने सांगावे. फी लाखांत मोजणाऱ्या क्लासेसना तर ही सबबही नाही.

खासगी क्लासेससाठी दोन महिन्यांत नियम करा, असे न्यायालयाने 2025 मध्ये राज्यांना बजावले होते. देखरेखीला जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समित्या नेमा, असेही सांगितले होते. या समित्यांनी चहापाणी घेऊन अहवालावर सही करू नये. आधी रँकच्या याद्या मागवाव्यात, मग समुपदेशक महिन्याभरात किती मुलांशी बोलला, ते विचारावे. उत्तर मिळाले नाही, तर क्लासची नोंदणी रद्द करावी.