प्रीमियम ‘वसूल’ करायचा असतो का?



गेल्या आठवड्यात मंदिरातून निघताना गाडी मागे घेत होते आणि मागचा बंपर गेटच्या खांबाला लागला. बंपर चेपला, रंग उडाला. चूक माझीच, खांब काही चालत आला नव्हता. गॅरेजवाल्या दादांनी ५,२०० रुपये सांगितले आणि लगेच म्हणाले, “ताई, इन्शुरन्स आहे ना? क्लेम टाकू. डाव्या दारावरचा जुना ओरखडाही त्यातच बसवून देतो.”

घरी जाऊबाईंचंही तेच. “दरवर्षी प्रीमियम भरतोच की, वसूल नको का करायला?”

या ‘वसूल’ शब्दाशीच माझं भांडण आहे. विमा म्हणजे भिशी नव्हे, की आपला नंबर लागला आणि पैसे उचलले. मोठं संकट आलं तर घर बसू नये म्हणून तो असतो.

आधी हिशोबच बघा. क्लेम न करता पहिलं वर्ष गेलं की नो क्लेम बोनस २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. ही सूट स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर मिळते, थर्ड पार्टीच्या नाही. आमची सूट सध्या ३५ टक्के आहे, पुढच्या वर्षी ४५ होईल. सुटीआधीचा तो हप्ता साधारण १०,००० धरला, तर क्लेम नसताना ५,५०० भरायचे. क्लेम केला की सूट शून्य, पूर्ण १०,००० भरायचे. एका वर्षातच ४,५०० गेले आणि पुढची वर्षं पुन्हा २० टक्क्यांपासून चढायचं.

आणि हातात काय येणार? ५,२०० मधून आमच्या गाडीला सक्तीचे १,००० आपणच सोसायचे. झिरो डेप नसेल तर रंगाच्या सामानाची घटही कापतात. म्हणजे चार हजारांपेक्षाही कमी! भाजीवालीशी पाच रुपयांसाठी घासाघीस करणाऱ्या आपण, पॉलिसीचा कागद मात्र ‘ते बघतात’ म्हणून उघडतसुद्धा नाही.

आता त्या जुन्या ओरखड्याकडे येते. तो दिवाळीआधी बाजारात पडला होता. फॉर्मवर घटनेची तारीख लिहायची आणि खाली सही माझी! तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताचे अतिचार दिले आहेत, त्यात कूटलेखक्रिया आहे, म्हणजे खोटा कागद करणं. स्वाध्यायात यावर माना डोलवायच्या आणि गॅरेजमध्ये सही करायची?

“सगळेच करतात,” असं म्हणाल. करत असतील. “कंपन्या तरी कुठे धुतल्या तांदळासारख्या?” नसतील. पण व्रत कंपनीने घेतलेलं नाही, आपण घेतलं आहे. आणि तो पैसा आकाशातून पडत नाही, आपल्यासारख्याच हजारो घरांच्या हप्त्यांतून येतो. खोटेपणा उघड झाला तर खरा क्लेमही नाकारला जाऊ शकतो, ते वेगळंच.

क्लेम करूच नका, असं मी अजिबात म्हणत नाही. मोठा अपघात झाला, दुरुस्ती तीस-चाळीस हजारांत गेली, तर बिनदिक्कत करा, तो आपला हक्क आहे. नो क्लेम बोनसचं संरक्षण घेतलं असेल तर वरचा हिशोबही बदलेल. पण आधी हिशोब करा आणि जे घडलं तेच लिहा.

मी ५,२०० घरखर्चातून दिले. या महिन्यात दोन साड्यांचा विचार होता, तो राहिला. दारावरचा ओरखडा अजून आहे. जाऊबाई येता-जाता तिकडे बघून हसतात. हसू देत.

रविवारी कपाटातून पॉलिसी काढा आणि तुमचा नो क्लेम बोनस किती आहे, एवढं तरी वाचा.