चौदा आडवे सांगा ना!

आमच्या वसाहतीचा फोनवर एक गट आहे. नळाला पाणी कधी येणार, भिशी कुणाकडे, कुणाच्या घरी मंगल कार्य, हे सर्व निरोप त्यावर येतात. आणि सकाळी नऊच्या सुमारास एक निरोप हमखास असतो, "अहो, चौदा आडवे सांगा ना!" वर्तमानपत्रातील शब्दकोडे अडलेले असते. कुणीतरी विचारणाऱ्याला फोन करून शब्द सांगते. मग गटावर उमटते, "मिळाले, धन्यवाद." काय मिळाले ते कुणीच लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी चौदा आडवे निराळेच असते.

आमच्या शेजारच्या मावशी रात्रशाळेत सातवीपर्यंत शिकल्या. कारखान्यातील पॅकिंगच्या कामावरून निवृत्त झाल्यापासून त्या रोज कोडे सोडवतात. एकदा त्यांच्या प्रश्नावर एका तरुणाने लिहिले, "मावशी, हे तर तुम्ही मागच्या महिन्यात विचारलं होतं." खाली दोनचार हसणारे चेहरे आले. त्यानंतर मावशींनी विचारणेच सोडले. आम्ही घरी जाऊन चौकशी केली तेव्हा म्हणाल्या, "भाऊ, मी विसरते हे खरं. पण त्या फोनात शोधायचं तर काय शोधू? चौदा आडवे?"

आम्ही पडलो कारकून. कार्यालयात 'विषय : विनंती अर्ज' असे लिहिलेली पत्रे येतात तेव्हा आमचा जीव नकोसा होतो, कारण वर्षाचे निम्मे अर्ज विनंतीचेच असतात. 'विषय : रजा रोखीकरण मिळणेबाबत' असे लिहिले की पाच वर्षांनीही फाईल हाताला लागते. मावशींचे दुखणे हेच होते. विस्मरण सर्वांनाच असते. येथे नोंदच चुकीची होत होती.

म्हणून आम्ही गटावर विनंती केली की, प्रश्न विचारताना कोड्यातील पूर्ण ओळ जशीच्या तशी लिहावी, किती अक्षरी ते लिहावे आणि जुळलेली अक्षरे कोणत्या जागी आहेत तेही सांगावे. उदाहरणार्थ, 'कमळ, तीन अक्षरी' एवढेच लिहून भागत नाही. शेवटचे अक्षर 'ज' आहे असे सांगितले तरी पंकज, अंबुज, नीरज, जलज, सरोज असे पाच उमेदवार उभे राहतात! दुसरे अक्षर 'रो' आहे म्हटल्याबरोबर चार जण घरी जातात. शब्द मिळाल्यावर विचारणाऱ्याने त्याच प्रश्नाखाली तो लिहावा. धन्यवाद नाही लिहिले तरी चालेल.

अक्षरे मोजण्यावरूनही एकदा वाद झाला. शेजारचा कॉलेजकुमार म्हणाला, 'विद्यार्थी' या शब्दात दहा चिन्हे आहेत, संगणक तशीच मोजतो. त्याचे खरे आहे. व, वेलांटी, द, पाय मोडल्याची खूण, य, काना असे सुटे मोजले तर दहा भरतात. पण कोड्यात वि, द्या, र्थी असे तीनच चौकोन लागतात. तेव्हा चौकोन मोजावेत, हे ठरले.

त्याहून चकवणारी गोष्ट ऱ्हस्व-दीर्घाची. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपासून आपण कवी, गुरू असे शेवट दीर्घ लिहितो. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ पासून निघू लागला, त्यात 'कवि' आहे. फोनला एवढे तारतम्य असेलच असे नाही. सापडले नाही तर वेलांटी बदलून पुन्हा शोधावे. आणि मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत तर लिहूच नये. एकच शब्द पाच जण पाच तऱ्हांनी लिहितात.

कोड्यापायी शब्दकोशाकडे धाव घेणारे आपण पहिले नव्हेत. आर्थर विन यांचे पहिले कोडे २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वर्तमानपत्रात आले. पुढे १९२४ च्या सुमारास तिकडे असे वेड लागले की, कोडी सोडवणाऱ्यांच्या गर्दीमुळे अभ्यासकांना शब्दकोश मिळत नाहीत, अशी तक्रार न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाला करावी लागली. पण शब्दकोश पहिले अक्षर ठाऊक असेल तरच उपयोगी. आपल्याला बहुधा मधलेच ठाऊक असते.

यासाठी वाचनालयात दोनशे पानी वही ठेवली आहे. तिचे भाग चौकोनांच्या संख्येवर पाडले : दोन अक्षरी, तीन अक्षरी, चार अक्षरी. प्रत्येक भागात प्रश्न अकारविल्हे. 'सोने' काढले की कनक, कांचन, सुवर्ण, हिरण्य एका ओळीत दिसतात.

वही भरू लागली तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. अडलेल्या प्रश्नांत इंद्राचा हत्ती, अर्जुनाचे धनुष्य, लक्ष्मणाची आई यांचीच गर्दी! आमच्या घरांत आजीने या गोष्टी सांगितल्या नाहीत, मग ऐरावत आणि गांडीव कुठून आठवणार? आपले मराठी कच्चे आहे अशी जी खंत कित्येक भगिनी बोलून दाखवीत, तिचे मूळ निम्मे येथे होते. कोडे रचणाऱ्याने आपलेच घर डोळ्यांपुढे ठेवले, एवढेच. बिंबिसाराचा वैद्य किंवा अशोकाची कन्या विचारा, आमची पोरे पेन्सिल उचलण्याआधी जीवक आणि संघमित्रा सांगतात. असे प्रश्न क्वचितच येतात. असो. आता वहीत हत्तीही आहे नि धनुष्यही.

मावशी पुन्हा विचारू लागल्या आहेत, पण आधी वही पाहून. मागच्या आठवड्यात त्याच तरुणाला 'सोने, तीन अक्षरी, मधले व' अडले होते. मावशींनी उत्तर पाठवले, सोबत वहीच्या पानाचा क्रमांक.

वही संध्याकाळी सात ते नऊ या वेळेत वाचनालयात पाहावयास मिळते. घरी नेता येणार नाही. नवा शब्द लिहिताना शाईचे पेन वापरावे.