अंधाराची राखण

चैत्र अमावास्येच्या सुमारास रात्री नऊ वाजता माथ्यावर पाहावे. सिंह राशीतील पूर्वा फाल्गुनी नक्षत्राच्या दोन ताऱ्यांपैकी दक्षिणेकडील ताऱ्याखाली तीन दीर्घिका एकमेकींच्या सोबतीने वसल्या आहेत. नुसत्या डोळ्यांना त्या दिसत नाहीत. त्यांचा प्रकाश आपल्यापर्यंत येण्यास सुमारे साडेतीन कोटी वर्षे लागतात. तरीही विश्वाच्या मापाने त्या शेजारीणीच होत! त्यांपैकी दोघींची नोंद फ्रेंच ज्योतिर्विद मेसिये याने १७८० साली केली. तिसरी कडेने दिसणारी व मंद. ती त्याच्या नजरेतून निसटली आणि १७८४ साली विल्यम हर्शेल यास गवसली.

आज हौशी निरीक्षकाच्या लहान दुर्बिणीतूनही या तिघी एकाच छायाचित्रात टिपता येतात. त्यात जादू नाही, चिकाटी आहे. ताऱ्यांच्या गतीने फिरणाऱ्या बैठकीवर दुर्बीण बसवावी, एकेका मिनिटाची शेकडो चित्रे घ्यावीत व ती संगणकावर एकत्र करावीत. थेंबे थेंबे तळे साचे, तसा हा प्रकाश साचतो.

परंतु या साऱ्या साधनांहून अधिक मोलाचा असतो अंधार. आणि तो विकत मिळत नाही. दिव्यांची आभा आकाशात पसरली की दीर्घिकांचा क्षीण उजेड तीत बुडून जातो. मी कोंकणीभाषी, समुद्रकाठचा. बालपणी अंगणात पडून जी आकाशगंगा मी पाहिली, ती आज त्याच अंगणातून दिसत नाही. बालाघाटच्या अरण्याकाठच्या गावांवर ती पाळी येऊ नये, असे मला मनापासून वाटते.

कोणी म्हणेल, विंचूकाट्याच्या रात्री दिवे नकोत काय? अवश्य हवेत, पण उजेड वाटेवर पडावा, आभाळात नव्हे. नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पास जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. तेथील गावांतले दिवे विझवले नाहीत. त्यांची तोंडे जमिनीकडे वळविली.

शाळेने दुर्बीण अवश्य घ्यावी. परंतु तोपर्यंत येत्या अमावास्येस प्रत्येकाने आपल्या दारचा दिवा पाहावा. त्याचा उजेड वर जात असेल, तर वडीलधाऱ्यांना सांगून त्यावर झाकण बसवावे. एवढे कार्य दुर्बिणीवाचूनही आपल्या हातून होण्याजोगे आहे.