यंत्रांबरोबर सिस्टरच्या वेळेसाठीही देणगी द्या

लहान मुलांच्या तापावरचं पॅरासिटामॉल दोन प्रकारच्या बाटल्यांत मिळतं. थेंबांच्या बाटलीत दर मिलिलिटरला साधारण १०० मिलिग्रॅम औषध असतं. नेहमीच्या सिरपमध्ये पाच मिलिलिटरला १२० किंवा १२५. म्हणजे थेंब सिरपच्या चौपट तीव्र. सिरपचं माप डोक्यात ठेवून कुणी तेवढेच थेंब पाजले, तर बाळाच्या पोटात चौपट मात्रा जाते. डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर, औषधही बरोबर. चूक घरी होते. ती टाळायला वॉर्डातल्या सिस्टरची पाच मिनिटं पुरतात. ड्रॉपर कुठल्या रेघेपर्यंत भरायचा ते तिने दाखवायचं आणि मग आईबाबांकडून एकदा भरून घ्यायचा.

ही पाच मिनिटं रुग्णालयाच्या हिशेबात सहसा नसतात. इंजेक्शनची नोंद होते, सलाईनची होते. आईला शिकवलं, तिने ते करून दाखवलं, याला मात्र रकाना नाही. डिस्चार्जच्या दिवशी बिलाची रांग, फाइलची शोधाशोध आणि खाली थांबलेली रिक्षा यांच्या घाईत सूचना सांगून होतात आणि कुणाच्याच लक्षात राहत नाहीत. पालकांना शिकवणं हा उपचारच आहे. तो करणाऱ्या परिचारिकेला त्यासाठी राखीव वेळ आणि त्या वेळेचा पगार मिळालाच पाहिजे.

घरच्यांना शिकवणं हा उपचार आहे, याला पुरावा भरपूर आहे. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ होती आणि सलाईन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजायचं काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत आरोग्यदूत तयार केल्या. त्या घरी जाऊन बाळ तपासत, उपचार करत आणि आयांना शिकवत. नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचा त्यांचा निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. २०११ पासून देशभरच्या आशा ताई बाळंतिणीच्या घरी ज्या भेटी देतात, त्यांचं मूळ या कामात आहे.

पुण्याला तर ही परंपरा घरचीच. रमाबाई रानड्यांच्या पुणे सेवासदनाने ससून रुग्णालयात स्त्रियांच्या परिचारिका-शिक्षणाची वाट मोकळी केली, तीही बाईने असलं काम करणं कमीपणाचं मानलं जात होतं त्या काळात. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी १९७२ मध्ये शिरूर तालुक्यातल्या वढूला गेल्या आणि तिथे त्यांनी गावातल्याच बायकांना आरोग्याचं शिक्षण दिलं. १९९३ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आज शहरात एक विचित्र दरी आहे. वस्तीतल्या बाळंतिणीकडे आशा ताई सहाव्या आठवड्यापर्यंत ठरलेल्या दिवशी येते. कोथरूडच्या किंवा बाणेरच्या फ्लॅटमध्ये खाजगी नर्सिंग होममधून आलेल्या बाळाकडे बहुधा कुणीच येत नाही. ब्रिटनमधल्या वाचकांना बाळ दोन आठवड्यांचं व्हायच्या आत घरी येणारी हेल्थ व्हिजिटर परिचयाची असेल. पुण्यातल्या सुस्थित घरात ती जागा व्हॉट्सॲपने घेतली आहे, आणि व्हॉट्सॲप बाळाची छाती बघू शकत नाही.

छाती बघणं शिकवता येतं. बाळ शांत असताना पोटाकडे पाहत पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे साठ किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याचे पन्नास किंवा जास्त, पाच वर्षांपर्यंत चाळीस किंवा जास्त भरले, तर डॉक्टरांकडे जायचं. श्वास घेताना फासळ्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, तर लगेच निघायचं. आकड्यांचा कागद हातात दिल्याने हे येत नाही. सिस्टरने शेजारी बसून, आईबरोबर एकदा मोजून दाखवावं लागतं.

आणि आजीलाही बोलवावं लागतं. बाळाला न्हाऊ घालणारी, टाळू भरणारी, गुटी उगाळणारी तीच असते. लेकीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणासाठी विमानाने परदेशी जाणारीही तीच. ‘जुनं सगळं बंद’ असं सांगणारी सिस्टर घराबाहेरच राहते. मालिश चालू ठेवा, पण नाकाकानात तेल नको. वर्षाच्या आत मध चाटवू नका, त्यातून बॉट्युलिझमचा धोका असतो. बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा आपलं बोंडलं बरं, पण दर वेळी उकळून घ्या. असं कारण देऊन सांगितलं की आजी ऐकते, आणि मग घर ऐकतं.

डॉक्टर सांगतातच की, असा आक्षेप येईल. सांगतात, पण ओपीडीच्या गर्दीत आईला दुसऱ्यांदा विचारायचा धीर होत नाही. सिस्टरला ती विचारते. परिचारिका आधीच कमी आहेत, हा आक्षेप मात्र खरा आहे. म्हणूनच हे काम आहे त्या सिस्टरवर लादून भागणार नाही, त्यासाठी जादा माणूस हवं.

इथे परदेशातल्या मराठी मंडळांचा संबंध येतो. गावाकडच्या रुग्णालयासाठी वर्गणी निघाली की ती सहसा वॉर्मर, मॉनिटर अशा यंत्रांकडे जाते. यंत्रं हवीतच. त्यासोबत एका बालरोग वॉर्डात एका परिचारिकेचा वर्षाचा पगार द्यावा, तिचं काम फक्त पालकांचं शिक्षण असावं. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट तेवढ्याच पाण्यात अख्खं घालायचं, अर्धं पाकीट पेल्यात नाही. जुलाब थांबले तरी झिंक चौदा दिवस पूर्ण द्यायचं, हे तिने दाखवावं आणि परत म्हणवून घ्यावं. मराठीत, आणि पुण्याच्या वॉर्डात आता लागते तशी हिंदीत, कन्नडमध्येही. डिस्चार्जनंतर दोन दिवसांनी तिने घरी फोन करून विचारावं, बाळ दूध ओढतंय का, दिवसातून लघवी किती वेळा होते, ताप आहे का. या उत्तरांची नोंद बाळाच्या फाइलला लागावी, ही अट मंडळाने देणगीच्या पत्रातच घालावी.