लेक विमानाने येते, गाडी उक्ती ठरवा



आखाजीला लांबच्या काही लेकी आता जळगावला विमानाने उतरतात. विमानतळ शहराच्या पलीकडे, कुसुंब्याजवळ. तेथून एरंडोल ४० किलोमीटरच्या आतबाहेर. गाडी उतरल्यावर शोधू नये. आधीच फोन करून भाडे उक्ते ठरवावे. किलोमीटरवर ठरवाल, तर बाहेरगावच्या भाड्यात दिवसाला बहुधा २५० ते ३०० किलोमीटर किमान धरतात. नांगरट दोन बिघे आणि पैसे दहा बिघ्यांचे, असा तो प्रकार! रिकामी परतफेरी, टोल, चालकाचा भत्ता, रात्रीचा जादा आकार त्यात धरला आहे का, हेही विचारून घ्यावे.

ओळखीची पांढऱ्या पाटीची खासगी गाडी स्वस्त पडते खरी. पण भाडे घेऊन नेताना अपघात झाला, तर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. लेकराबाळांचा प्रवास आहे. भाड्याच्या गाडीची पाटी पिवळी, अक्षरे काळी. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असतील, तर ती स्वतः चालवायची. जावईबापूंना चार गावच्या सोयऱ्यांकडे जायचे असेल, तरच घ्यावी.

सामान थोडे असेल, तर बसस्थानकापर्यंत रिक्षा आणि पुढे एस.टी. तिच्यात २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट आहे.